कमी केराटिन चालते, वाकडे चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात डिचोलीतल्या एका घरात एकाच महिन्यात दोन कागद आले. सहा वर्षांच्या मुलाच्या तळपायांना दरवर्षी मार्च ते जूनमध्ये पाण्याचे फोड येतात. वडिलांनाही लहानपणी येत असत. त्वचारोगतज्ज्ञांनी केसपेपरवर 'केराटिन ५ किंवा १४ मधला दोष असावा' असे लिहून दिले. दुसरा कागद आजीचा. मानेतल्या गाठीच्या बायोप्सी रिपोर्टवर 'केराटिन ७ पॉझिटिव्ह, केराटिन २० निगेटिव्ह' असे छापले आहे. घरच्यांना कळत नाही की हा एकच आजार घराण्यात उतरला आहे का, मुलाला पुढे कॅन्सर किंवा यकृताचा त्रास होईल का, आणि केराटिन कमी पडत असेल तर पार्लरमध्ये केसांना देतात तसे ते वरून लावता किंवा गोळीतून देता येणार नाही का.

आधी थेट उत्तर. दोन्ही कागदांवर शब्द एकच असला तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मुलाच्या कागदावरचे केराटिन म्हणजे बिघडलेले सामान. आजीच्या कागदावर तोच शब्द ओळखपत्रासारखा आला आहे, गाठीतल्या पेशी मूळच्या कुठल्या गावच्या एवढेच तो सांगतो. मुलाचे फोड तळपायांपुरतेच असतील तर त्यामुळे त्याच्या यकृताला धोका नाही आणि आजीच्या आजाराशीही त्यांचे नाते नाही. आणि मुलाच्या त्वचेत केराटिन कमी पडलेलेच नाही. ते पुरेसे आहे, पण त्यातले निम्मे वाकडे आहे. सगळी गोम इथे आहे, म्हणून आधी ती नीट उलगडू.

शरीराच्या आत-बाहेरच्या पृष्ठभागांवर अस्तरासारख्या पसरलेल्या ज्या पेशी, म्हणजे त्वचा, तोंड, अन्ननलिका, आतडे, फुप्फुसाच्या नळ्या, ग्रंथी आणि यकृत यांच्या पेशी, त्यांना अभिस्तर पेशी म्हणतात. या प्रत्येक पेशीच्या आत केराटिनच्या दोऱ्यांचे जाळे ताणलेले असते. केस आणि नखे म्हणजे केराटिन हे सर्वांना ठाऊक असते, पण तो या कुटुंबाचा एक कोपरा झाला. माणसात केराटिनची ५४ जनुके आहेत. त्यातली २८ पहिल्या प्रकारची, म्हणजे आम्लधर्मी केराटिन बनवणारी, आणि २६ दुसऱ्या प्रकारची. केराटिन एकट्याने कधीच तंतू बनवत नाही. सुंभ वळताना दोन पेड एकमेकांवर पिळतात, तसा एक पेड पहिल्या प्रकारातला आणि दुसरा दुसऱ्या प्रकारातला घेऊनच पीळ बसतो. अशा जोड्या आधी दोन-दोन जुळतात, मग त्यांचे जुडगे बनते आणि शेवटी सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा तंतू तयार होतो. पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूपेक्षा हा जाड आणि सूक्ष्मनलिकेपेक्षा बारीक, म्हणून याला मध्यम तंतू म्हणतात.

चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतात ती डोळ्यांसमोर आणा. लाकडी चौकट छताला चारी बाजूंनी बांधलेली असते, म्हणून नारळ, तोरिंजन, सुपारीचे घोस सगळा भार पेलते. पेशीत केराटिनचे जाळे असेच बांधलेले असते. शेजारच्या पेशीशी जोडणाऱ्या गाठींना डेस्मोसोम म्हणतात आणि खालच्या पायाशी जोडणाऱ्या गाठींना हेमिडेस्मोसोम. गाठ पक्की असून दोरी कुजकी असेल तर माटोळी खाली येणारच. त्वचेत याचा अर्थ असा की पेशी शेजाऱ्यापासून सुटत नाही, ती स्वतःच मधोमध फाटते. मुलाच्या फोडात नेमके हेच घडते. त्वचेचे दोन थर सुटून तो फोड होत नाही. सर्वांत खालच्या थरातल्या पेशी आडव्या फाटतात आणि त्या फटीत पाणी भरते.

कुठल्या पेशीत कुठली जोडी हे ठरलेले असते. त्वचेच्या तळच्या थरात ५ आणि १४. तिथून पेशी वर सरकली की ती जोडी बनवणे थांबते आणि १ व १० ची सुरू होते. तळहात-तळपायांत वरच्या थरांमध्ये ९ नंबरची भर पडते, कारण तिथे भारच जास्त. तोंडाच्या आतल्या अस्तरात ४ आणि १३, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात ३ आणि १२, यकृताच्या पेशीत फक्त ८ आणि १८. जखम झाली की काही तासांतच तिच्या कडेच्या पेशी ६, १६ आणि १७ बनवू लागतात, सरकून जखम बुजवायला ही केराटिने सोयीची पडतात. म्हणून केराटिन १४ चा दोष यकृतात दिसत नाही. यकृताची पेशी ते बनवतच नाही.

आता 'वाकडे' म्हणजे काय. मुलाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळाले. वडिलांकडचे केराटिन १४ चे जनुक सदोष धरू. पेशी निम्मे सरळ आणि निम्मे वाकडे पेड बनवते, आणि वळताना निवड होत नाही, हाताला येईल तो पेड लागतो. तंतूच्या एका छेदात कमीत कमी १६ पेड धरले तर त्यातले ८ केराटिन १४ चे. आठही सरळ निघण्याची शक्यता २५६ पैकी १. छेदात ३२ पेड धरले तर सोळाही सरळ असण्याची शक्यता ६५,५३६ पैकी १. म्हणजे निम्मा माल खराब असला तरी जवळजवळ प्रत्येक दोरीत कुठे ना कुठे खराब पेड वळला जातो. उलट बाजूही पाहा. काही माणसांत केराटिन १४ चे एक जनुक पूर्ण बंद असते, पेड निम्मेच बनतात, पण सगळे सरळ. अशा माणसांना बहुधा फोड येत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे मुळात पीळच चुकतो.

चूक पेडाच्या कुठल्या जागी आहे त्यावर आजाराची तीव्रता ठरते. पेडाचा मधला सुमारे ३१० अमिनो आम्लांचा भाग दांड्यासारखा असतो आणि त्याची दोन्ही टोके जुळणीला सर्वांत नाजूक. केराटिन १४ मध्ये १२५ व्या जागी आर्जिनिन असते, ते या टोकाजवळच आहे. तिथे दुसरे अमिनो आम्ल आले की तंतूंचे गोळे होतात आणि बाळाला जन्मल्यापासून अंगभर झुबक्यांनी फोड येतात. हीच जागा पुन्हा पुन्हा बिघडते, कारण डीएनएची तिथली अक्षरे रासायनिकदृष्ट्या सहज बदलणारी आहेत. म्हणून तीव्र प्रकार बरेचदा घरात आधी कोणालाच नसताना उगवतो. दांड्याच्या इतर भागांत चूक असेल तर बहुतेक वेळा त्रास तळहात-तळपायांपुरता राहतो. तुमच्या घरी तसेच दिसते. आजाराचे नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स. केराटिनशी त्याचा संबंध १९९१ मध्ये कळला, तोही उलट्या वाटेने. शिकागोत एलेन फ्यूक्स यांच्या प्रयोगशाळेने बिघडवलेले केराटिन १४ उंदरांत घातले, उंदरांना फोड आले, ते फोड कुठल्या मानवी आजारासारखे दिसतात हे पाहिले आणि मग त्या आजाराच्या रुग्णांत चूक शोधली.

गोळी आणि पार्लरचे उत्तर यातच आहे. सरळ केराटिन आणखी दिले तरी वाकडे जागचे हलत नाही. शिवाय तोंडाने घेतलेले केराटिन किंवा कोलॅजन जसेच्या तसे त्वचेच्या पेशीपर्यंत पोचत नाही आणि वरून लावलेले जिवंत पेशीच्या आत जात नाही. पार्लरमधली 'केराटिन ट्रीटमेंट' हे तर वेगळेच प्रकरण. तिथे केस सरळ करायचे काम फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्ये किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल आणि इस्त्रीची उष्णता करते. ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहे. मुलाच्या त्वचेवर त्यातले काहीही नको.

खरा उपाय एकच दिसतो, वाकडा पेड बनूच न देणे. जाड नखे आणि तळपायांच्या असह्य दुखण्याचा पॅकिओनिकिया कन्जेनिटा नावाचा आजार केराटिन ६, १६ किंवा १७ च्या दोषाने होतो. त्यात फक्त सदोष जनुकाचा निरोप कापणारा आरएनएचा तुकडा एका रुग्णाच्या तळपायात टोचून पाहिला गेला. टोचलेल्या जागेचा घट्टा उतरला, पण इंजेक्शन इतके दुखले की तो मार्ग तसाच पुढे नेता आला नाही. त्वचेच्या वरच्या थरातून औषध तळापर्यंत पोचवणे ही अडचण अजून आहेच.

मग आज करायचे काय? इथे गोव्याची हवा मध्ये येते. घरातली मोठी माणसे 'उष्णता झाली' म्हणून सोलकढी पाजतात. सोलकढीने फोड थांबत नाहीत, पण निरीक्षण अर्धे बरोबर आहे. पोटातली उष्णता नव्हे, त्वचेची उष्णता. सदोष केराटिनच्या पेशी प्रयोगशाळेत तापवल्या तर तंतू कोलमडून गोळे होतात आणि निरोगी पेशींपेक्षा त्यांना सावरायला जास्त वेळ लागतो. त्यात मे महिन्यातला दमटपणा. घाम वाळत नाही, ओली त्वचा मऊ होते, आणि ओल्या त्वचेवर घर्षण कोरडीपेक्षा जास्त असते. म्हणून फोड मार्च ते जूनमध्ये. पावसात हवा थंड होते पण मोजे ओले राहतात, म्हणून जुलै कोणाला बरा जातो, कोणाला नाही.

पायांसाठी पहिली गोष्ट मोजे. सुती मोजा चांगला असे सगळे सांगतात, पण सूत घाम पितो आणि धरून ठेवतो. आपल्याकडच्या हवेत खेळाडू वापरतात ते घाम बाहेर टाकणारे मोजे बरे. त्यावर दुसरा पातळ मोजा चढवला की सरकणे दोन मोज्यांच्या मध्ये होते, त्वचेवर नाही. शाळेच्या दप्तरात एक जोडी जादा ठेवावी आणि मधल्या सुट्टीत बदलावी. मोज्यात थोडे मक्याचे पीठ भुरभुरले तर घर्षण कमी होते. बूट सैल घ्यायचा मोह टाळा. सैल बुटात पाय पुढे-मागे घासतो. आत हात घालून शिवण चाचपा, जिथे बोटाला टोचते तिथेच फोड येईल. अंगठ्यात पट्टा असलेली रबरी चप्पल या मुलासाठी वाईट. किनाऱ्यावर ओल्या पायात वाळू आणि सँडल हा तर फोडांना आवतण देण्याचा प्रकार. पोहायला हरकत नाही, फक्त बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन टिपून कोरडे करायचे, पुसायचे नाहीत. सिमेंटच्या तापलेल्या अंगणात अनवाणी धावणे, दुपारचा फुटबॉल, शिगम्यात तासन् तास नाचणे या सगळ्याची किंमत दुसऱ्या दिवशी कळते. घरात लईराईच्या जत्रेला धोंड होऊन निखाऱ्यांवरून चालण्याची परंपरा असेल तर मोठ्यांशी आधीच बोलून ठेवा. अनवाणी चालणेच या पायांना पेलत नाही, निखारे तर दूरच.

फार घाम येत असेल तर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे २० टक्क्यांपर्यंतचे द्रावण रात्री कोरड्या, न फुटलेल्या त्वचेवर लावायला डॉक्टर सांगू शकतात. फुटलेल्या जागी ते झोंबते.

फोड आला तर तो फोडायचाच, पण रीतीने. इतर फोड आपोआप थांबतात. या आजारात आतल्या पाण्याच्या दाबाने फट कडेने पुढे पुढे फाटत जाते आणि सकाळचा चण्याएवढा फोड संध्याकाळी रुपयाएवढा होतो. हात साबणाने धुवा, फोड सलाइनने पुसा. निर्जंतुक, एकदाच वापरायची इंजेक्शनची सुई त्वचेला समांतर धरून फोडाच्या सर्वांत खालच्या कडेला घाला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढा, म्हणजे दोन भोके पडतात. एकच भोक पडले तर ते चिकटते आणि फोड पुन्हा भरतो. वरून गॉजने हलके दाबून पाणी काढा. छताची कातडी मुळीच काढू नका, तीच सर्वांत चांगली पट्टी. त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, मग न चिकटणारी सिलिकॉनची ड्रेसिंग आणि वरून बँडेजची गुंडाळी. चिकटपट्टी थेट त्वचेवर लावली तर काढताना नवा फोड तयार होतो. हॉस्पिटलात रक्त काढताना किंवा सलाइन लावतानाही हे आधी सांगा. हळद, चुना, टूथपेस्ट यांतले काही नको. खोबरेल तेल कोरड्या, न फुटलेल्या त्वचेला चालते, पण त्याने तळचा थर मजबूत होत नाही. पू, पसरणारी लाली, ताप किंवा वाढते दुखणे दिसले तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवा. फोड सुकल्यावर डाग राहतो आणि हळूहळू जातो. या प्रकारात व्रण सहसा पडत नाही. व्रण पडत असतील, नखे गळत असतील किंवा बोटे चिकटू लागली असतील तर निदान पुन्हा तपासायला हवे. तो कदाचित खालच्या थराचा, वेगळ्या जनुकाचा आजार असेल.

निदान पक्के झाले आहे का हेही विचारा. पावसाळ्यात तळपायांना बुरशीचेही पाण्याचे फोड येतात, रबराच्या अ‍ॅलर्जीचेही येतात. तिथे खाज आधी असते. केराटिनच्या फोडात दुखते, खाज गौण. बुरशीसाठी कातडीचा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काही मिनिटे लागतात, तेवढे करून घ्यावे.

बायोप्सी घ्यायची ठरली तर जुना फोड उपयोगाचा नाही. एका दिवसात तळाला नवी पेशी सरकते आणि फट चुकीच्या थरात दिसू लागते. म्हणून दंडाच्या किंवा मांडीच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर पेन्सिलच्या खोडरबराने पीळ देत घासून लाली आणतात, काही मिनिटे थांबतात आणि तिथला तुकडा घेतात. तळपायाची कातडी जाड, ती टाळतात. हा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून थर ओळखणे, वाया गेली. त्यासाठी मिशेलचे द्रावण लागते. तुकडा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा राज्याबाहेर पाठवायचा असेल तर बाटली कुठली, हे काढण्याआधी विचारा, नंतर नाही. तपासणीत केराटिन १४, लॅमिनिन, कोलॅजन ४ असे सगळे खुणेचे थर फोडाच्या तळाशी दिसले तर फट तळच्या पेशीतच आहे हे ठरते.

आता बरेचदा बायोप्सी टाळून थेट जनुक तपासणी करतात. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत २ ते ४ मिलिलिटर रक्त पुरते. फक्त ५ आणि १४ नको, फोडांच्या आजारांचा पूर्ण संच मागा. कारण केएलएचएल२४ नावाच्या जनुकाच्या दोषातही असेच फोड येतात आणि पुढे हृदयाचा स्नायू कमजोर होतो, तर प्लेक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोषात हातापायांचे स्नायू. हृदयासाठी वेळेवर काढलेला इको उपयोगी पडतो. मुलात बदल सापडला की वडिलांचे रक्त फक्त त्या एका बदलासाठी तपासायचे, ते स्वस्तात होते. दोघांत तोच निघाला तर प्रत्येक पुढच्या बाळाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. आई-वडील दोघेही निरोगी, पण नात्यातले लग्न, मामाची मुलगी वगैरे, अशा घरात मात्र दोन्हीकडून बंद जनुक येऊन आजार होण्याचा प्रकारही असतो. तिथे शक्यता २५ टक्के. तुमच्या घरात वडिलांनाच फोड येत असल्याने पहिला हिशेब लागू पडतो.

हेच तत्त्व एकेक थर वर चढवत न्या. १ किंवा १० वाकडे असेल तर बाळ लालसर, सोललेल्या अंगाने जन्मते आणि पुढे कातडी खरखरीत, पापुद्र्यांची होते. तिथे सॅलिसिलिक आम्लाचे मलम लहान मुलाच्या अंगभर लावणे धोक्याचे, ते रक्तात शोषले जाते. ९ वाकडे तर जाड पिवळे तळहात-तळपाय. ४ किंवा १३ वाकडे तर गालाच्या आत पांढरा, स्पंजासारखा थर. हा निरुपद्रवी असतो, पण तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा डाग दिसला की 'घराण्यातच आहे' म्हणून सोडून देऊ नये, बायोप्सी करावी. ३ किंवा १२ वाकडे तर बुबुळावर बारीक पाण्याचे बुडबुडे. केसांच्या ८१, ८३, ८६ मध्ये चूक असेल तर मण्यांच्या माळेसारखा केस, प्रत्येक आवळल्या जागी तुटणारा.

यकृताचा प्रश्न विचारला म्हणून सांगतो. तिथे ८ आणि १८ ही एकच जोडी आहे. दारूने सुजलेल्या यकृताच्या पेशीत या जोडीचे चुरगळलेले गोळे दिसतात. मॅलरी यांनी १९११ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मॅलरी-डेंक पिंड म्हणतात. रोज फेणी घेणाऱ्याच्या बायोप्सीत हा शब्द आला तर तो जनुकाचा दोष नसतो, पेशीवरच्या ताणाची खूण असते. ८ आणि १८ मधले काही वारशाने येणारे बदल यकृत बिघडलेल्या रुग्णांत जास्त आढळतात, पण ते एकटे आजार घडवत नाहीत. दुसऱ्या कारणाने यकृत आजारी असेल तर सहनशक्ती घटवतात, इतकेच.

आता आजीचा कागद. पेशी कॅन्सरची झाली तरी आपले जन्माचे केराटिन बहुधा सोडत नाही. मानेतली गाठ मुळात तिथलीच, की दुसरीकडून आलेली, हे पाहायला पॅथॉलॉजिस्ट याचाच आधार घेतात. रिपोर्टवर 'सीके' किंवा 'सायटोकेराटिन' असे लिहिलेले असले तरी अर्थ तोच. १९८२ च्या यादीत १९ सायटोकेराटिने होती, २००६ मध्ये नवी नावे ठरली, पण जुनी सवय टिकून आहे. आधी बहुतेक केराटिने एकदम पकडणारे अँटिबॉडींचे मिश्रण, एई१/एई३, लावतात. ते पॉझिटिव्ह आले म्हणजे गाठ अभिस्तर पेशींची, लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, सहसा नाही. मग ७ आणि २०. आजीचे ७ हो, २० नाही. ही जोडी फुप्फुस, स्तन, अंडाशय, गर्भाशयाचे अस्तर आणि थायरॉइड यांच्या ग्रंथींतल्या कॅन्सरकडे बोट दाखवते. मोठ्या आतड्याचे चित्र बहुधा उलटे, ७ नाही आणि २० हो. दोन्ही हो असेल तर मूत्राशय किंवा स्वादुपिंड. दोन्ही नाही असेल तर यकृताच्या पेशी, प्रोस्टेट किंवा मूत्रपिंड डोक्यात येतात. जठराचा कॅन्सर यांतला कुठलाही वेष घेतो.

म्हणून या दोन ओळी म्हणजे अंतिम उत्तर नव्हे. पुढच्या खुणा लागतात: टीटीएफ-१ पॉझिटिव्ह असेल तर फुप्फुस किंवा थायरॉइड, गाटा-३ असेल तर स्तन किंवा मूत्राशय, पॅक्स-८ असेल तर अंडाशय, मूत्रपिंड किंवा थायरॉइड. रिपोर्टवर त्या नसतील तर डॉक्टरांना विचारा की केल्या का, आणि सीटी स्कॅनशी जुळतात का.

तपासणी चुकते ती बहुधा सुरुवातीलाच. तुकडा आकारमानाच्या किमान १० पट १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये हवा, साधारण ६ ते ७२ तास. लहान बाटलीत मोठी गाठ कोंबली की मधला भाग कच्चा राहतो आणि खुणा खोट्या निगेटिव्ह येतात. आठवडाभर पडून राहिली तर प्रथिने इतकी बांधली जातात की ३ ते ४ मायक्रोमीटरच्या कापावर ९५ अंशांच्या पुढे तापवूनही अँटिबॉडीला जागा मिळत नाही. कधी कधी काचेवर एखादा गडद तपकिरी चपटा तुकडा एकटाच तरंगताना दिसतो, कडेला पेशी नाहीत, केंद्रक नाही. ती बहुधा हाताळणाऱ्याच्या बोटावरून पडलेली कातडी असते. केराटिनची खूण तिलाही लागते. मुरलेला पॅथॉलॉजिस्ट तिला कॅन्सर समजत नाही.

सायफ्रा २१-१ नावाची रक्ततपासणी म्हणजे रक्तात सुटलेले केराटिन १९ चे तुकडे मोजणे. उपचार सुरू झाल्यावर आकडा चढतो की उतरतो हे पाहायला ती ठीक. मूत्रपिंड कमजोर असले तरी आकडा वाढतो, त्यामुळे घरातल्या इतरांनी 'आपल्यात काही आहे का' म्हणून ती करू नये. मुलाला तर तिची गरजच नाही. आजी केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असेल तर रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला सांगा, काही यंत्रांचे आकडे त्याने बिघडतात.

दुसरे मत घ्यायचे असेल तर नवी बायोप्सी सहसा लागत नाही. पहिल्या प्रयोगशाळेकडून मेणाचे ब्लॉक, रंगवलेल्या काचा आणि रिपोर्टची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून घ्या. पणजीला किंवा मुंबईला नेताना ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर मेण मऊ पडते, आणि आतला तुकडा एकच असतो.